पळत्या पायांचा नेम

2006 च्या हंगामात डेट्रॉइट टायगर्सचे पिचर्स अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सर्वांत कंजूष होते. एका सामन्यामागे त्यांनी दिलेल्या धावांची सरासरी सगळ्या संघांत कमी होती. जस्टिन व्हर्लँडर त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला होता. जोएल झुमाया ताशी 160 किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू टाकत होता. एवढ्या वेगात ठरलेल्या कोपऱ्यात चेंडू घालणारी ही माणसे त्या वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडून 4-1 अशी हरली. त्या पाच सामन्यांत पिचर्सच्या नावावर पाच चुका लागल्या, प्रत्येक सामन्यात एक. तिसऱ्या सामन्यात झुमायाने समोर आलेला चेंडू अडवून तिसऱ्या बेसकडे फेकला आणि तो क्षेत्ररक्षकाला चुकवून गेला. चौथ्यात फर्नांडो रॉडनीने बंट (बॅट न फिरवता हळूच टेकवलेला चेंडू) उचलून पहिल्या बेसकडे केलेली फेक सहकाऱ्याच्या डोक्यावरून गेली. पाचव्यात व्हर्लँडरही बंट उचलून तिसऱ्या बेसकडे फेकताना चुकला.

हात तोच होता, चेंडू तोच होता. पिचरच्या उंचवट्यावरून टाकताना पाय कुठे असतील, गुडघा किती वर येईल, श्वास कधी सुटेल, हे हजारो वेळा घोटलेले असते. बंट उचलायला खाली धावत आलेला पिचर मात्र वाकलेला असतो, त्याचे तोंड भलत्याच दिशेला असते, आणि वळून फेकायला त्याला एक सेकंदही मिळत नाही. उभ्याने अचूक फेकता येणे आणि पळता पळता अचूक फेकता येणे ही दोन वेगळी कसबे आहेत. पहिले पक्के झाले की दुसरे आपोआप येईल, या समजुतीवर बेसबॉलचे प्रशिक्षण अनेक दशके चालले. ती समजूत कुठे टिकते आणि कुठे मोडते, हे मैदान आणि प्रयोगशाळा या दोन्हींच्या अनुभवावरून आता बरेच स्पष्ट झाले आहे.

आधी अडचण नेमकी किती मोठी आहे ते पाहावे. बेसबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर 90 फूट, म्हणजे सुमारे 27.4 मीटर. तिसऱ्या बेसवरून समोरच्या पहिल्या बेसवर फेकायचे तर जवळपास 39 मीटर. एवढ्या अंतरावर दिशेत एका अंशाची चूक झाली, तर चेंडू पाऊण मीटरच्या आसपास सरकतो. पहिल्या बेसवरचा खेळाडू एक पाय बेसला टेकवून, लांब हातमोजा पुढे करून अशी थोडीफार चूक पोटात घालतो. दोन-तीन अंशांच्या पुढे गेले की त्याला बेस सोडावा लागतो आणि धावणारा सुटतो. उजव्या हाताचा साधारण फलंदाज फटका मारल्यापासून 4.3 सेकंदांच्या आसपास पहिल्या बेसवर पोचतो. चेंडू क्षेत्ररक्षकापर्यंत येणे, उचलणे, हातात घेणे, फेकणे आणि त्याचे उड्डाण, सगळे त्याच वेळात बसवायचे असते.

यात शरीराच्या वेगाची भर पडली की गणित अवघड होते. तिसऱ्या बेसवरचा खेळाडू हळू घरंगळणाऱ्या बंटवर होम प्लेटच्या दिशेने सेकंदाला चार मीटर वेगाने धावत येतो आणि न थांबता पहिल्या बेसकडे फेकतो, असे समजू. तिथून पहिला बेस साधारण 29 मीटर. चेंडू सेकंदाला 30 मीटर वेगाने गेला, तरी हवेत जवळजवळ एक सेकंद राहतो. सुटताना धावणाऱ्या शरीराचा वेग चेंडूला मिळालेला असतोच. म्हणून उभा असल्यासारखा सरळ नेम धरला, तर चेंडू लक्ष्यापासून तब्बल चार मीटर होम प्लेटच्या बाजूला, म्हणजे नेमका धावणाऱ्या फलंदाजाच्या मार्गात जाऊन पडेल. अशी फेक फलंदाजाच्या पाठीत बसलेली सामन्यांत दिसते, ती याचमुळे. चांगला खेळाडू हे चार मीटर मनात मोजत नाही. शेकडो वेळा धावत येऊन फेकल्यामुळे त्याचा हात आपसूक पलीकडे वळतो. उभ्याने कितीही हजार फेकी केल्या तरी हे वळण शिकता येत नाही, कारण उभ्या माणसाच्या फेकीत ही अडचण मुळात येतच नाही.

बोटांचा भागही बारीक आहे. कॅनडातील संशोधक जॉन होर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेकीचे मोजमाप केले. चेंडू वर किंवा खाली जाण्यामागे बोटे उघडण्याच्या वेळेतला काही मिलिसेकंदांचा फरक मोठे कारण असतो, असे त्यांना आढळले. धड स्थिर असताना हा क्षण साधणे जमते. धड पुढे झुकलेले असेल, एक पाय हवेत असेल, तर तोच क्षण दुसऱ्या ठिकाणी साधावा लागतो.

तरीही कुठल्याही शाळेच्या, कॉलेजच्या किंवा व्यावसायिक संघाच्या सरावाची सुरुवात पाहा. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकांच्या छातीवर चेंडू फेकतात. खांदा गरम करायला हे हवेच. अडचण अशी की बहुतेक संघांच्या आठवड्यातल्या सर्वाधिक फेकी याच पद्धतीने होतात, आणि सामन्यात अशी फेक जवळजवळ कधीच येत नाही.

जुन्या प्रशिक्षकांचे म्हणणे मात्र सहज उडवून लावण्यासारखे नाही. पेरी हिल हे अमेरिकेतले नावाजलेले इनफील्ड (बेसच्या आसपासच्या क्षेत्ररक्षणाचे) प्रशिक्षक. 2003 साली वर्ल्ड सीरिज जिंकणाऱ्या फ्लोरिडा मार्लिन्सचे क्षेत्ररक्षण त्यांच्या हाताखाली घडले, आणि पुढे सिअ‍ॅटलमध्ये जे. पी. क्रॉफर्डने 2020 चा गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचा वार्षिक पुरस्कार) मिळवला तोही त्यांच्याच तालमीत. त्यांनी क्षेत्ररक्षणाचे सहा टप्पे पाडले. पाय चेंडूकडे न्यायचे, चेंडू पकडायचा, पोटाशी आणायचा, पावले लक्ष्याकडे वळवायची, फेकायचे आणि फेकीच्या दिशेने चालत राहायचे. या सहांत प्रत्यक्ष फेक पाचवी येते. तिच्या आधीचे चार टप्पे पाय आणि हातमोज्याचे आहेत. फेक वाकडी गेली की प्रेक्षक हाताकडे बघतात. हिल यांच्यासारखा माणूस दीड सेकंद मागे जाऊन चेंडू कुठल्या पायावर उचलला ते बघतो.

दुसरे इनफील्ड प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन यांची रीत आणखी मूलगामी. ओकलंडमध्ये, पुढे अटलांटात, ते खेळाडूंना गुडघ्यांवर बसवून अगदी जवळून चेंडू मारत. हातात लहान, जवळजवळ सपाट हातमोजा असे, त्यामुळे हात ढिला पडला की चेंडू निसटायचा. ओकलंडचा एरिक चावेझ इतका ऋणी राहिला की त्याने आपला 2004 चा गोल्ड ग्लोव्ह वॉशिंग्टन यांना देऊन टाकला. मार्कस सीमियनची कथा अधिक बोलकी आहे. 2015 मध्ये ओकलंडकडून शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी) खेळताना त्याच्या हातून 35 चुका झाल्या. त्याच हंगामात मे महिन्यात वॉशिंग्टन त्याच्या मदतीला आले आणि रोज पहिल्या पायरीपासून काम सुरू झाले. 2021 साली टोरंटोकडून दुसऱ्या बेसवर खेळताना सीमियनला गोल्ड ग्लोव्ह मिळाला.

गुडघ्यांवर बसून केलेला सराव पळत्या फेकीला कसा उपयोगी पडतो? चेंडू हातमोज्यात स्वच्छ आला आणि बोटांना शिवणीवर पकड लवकर मिळाली, तर पाय लावायला एक-दोन दशांश सेकंद उरतात. सामन्यातल्या कित्येक ‘वाकड्या’ फेकी खरे तर उशिरा मिळालेल्या चेंडूच्या फेकी असतात. वॉशिंग्टन यांची पद्धत ही वेळ मिळवून देते. मात्र मिळालेल्या वेळेत धावत्या शरीराने नेमके काय करायचे, ते गुडघ्यांवर बसून शिकता येत नाही. त्यासाठी पळावेच लागते. या दोन्ही गोष्टी एकाच सरावात कशा बसवायच्या, हा आजच्या प्रशिक्षकापुढचा खरा प्रश्न आहे.

इथे प्रयोगशाळेकडे वळावे लागते. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी 1920 च्या दशकात लोहारांच्या घणाच्या घावांचे छायाचित्रण केले. कसलेल्या लोहाराचा खांदा आणि कोपर प्रत्येक घावाला थोडे वेगळे हलत होते, पण घण मात्र जवळजवळ त्याच जागी पडत होता. एका सांध्यातली चूक दुसरा सांधा भरून काढत होता. सराव म्हणजे तीच हालचाल पुन्हा करणे नव्हे, तोच प्रश्न पुन्हा नव्याने सोडवणे, असा अर्थ त्यांनी यातून काढला. शॉर्टस्टॉपला हे तंतोतंत लागू पडते. त्याच्याकडे सारखे दोन चेंडू येत नाहीत, पण फेक मात्र त्याच हातमोज्यात पोचवायची असते.

1978 मध्ये केर आणि बूथ या संशोधकांनी लहान मुलांना छोट्या पिशव्या लक्ष्यावर फेकायला दिल्या. आठ वर्षांच्या मुलांचा एक गट तीन फुटांवरूनच सराव करत राहिला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून सराव केला, तीन फुटांवरून कधीच नाही. परीक्षा तीन फुटांची झाली, तेव्हा दुसरा गट अधिक अचूक ठरला. 1994 मध्ये कॅलिफोर्नियात हॉल, डोमिंगेझ आणि कव्हाझोस यांनी कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंना सहा आठवडे जादा फलंदाजी दिली. एका गटाला 15 वेगवान, मग 15 वळणारे, मग 15 मंद चेंडू असे गठ्ठ्याने मिळाले. दुसऱ्याला तेच 45 चेंडू कसेही मिसळून मिळाले. सरावात गठ्ठेवाले सरस वाटत होते, पण अखेरच्या चाचणीत मिसळून खेळलेल्यांची सुधारणा 57 टक्क्यांच्या आसपास निघाली आणि गठ्ठेवाल्यांची 25 टक्क्यांच्या आसपास.

पहिला प्रयोग मुलांच्या पिशव्यांचा आणि दुसरा फलंदाजीचा, म्हणून त्यांचे आकडे उचलून पळत्या फेकीला चिकटवणे चूक ठरेल. दिशा मात्र दोन्हींची एकच आहे, आणि अनुभवी प्रशिक्षकांना ती मैदानावर दिसत आलेली आहे. डावीकडचा चेंडू वीस वेळा मारला, की विसावी फेक सुंदर जाते आणि सगळ्यांना शिकल्याचे समाधान मिळते. शनिवारी सामन्यात पहिलाच चेंडू उजवीकडे हळू येतो तेव्हा ते समाधान कामाला येत नाही. डावा, उजवा, हळू, उसळता, धावणारा बेसवर असताना आणि नसताना, असे मिसळून मारले तर सराव विस्कळीत दिसतो आणि चुकाही जास्त होतात. बघायला आलेल्या पालकांना तो पटत नाही. प्रशिक्षकाने तरीही तो धरून ठेवावा.

जपानमध्ये क्षेत्ररक्षणाच्या सरावाला ‘नॉक’ म्हणतात, आणि ‘हजार नॉक’ ही तिथली जुनी परंपरा. प्रशिक्षक मारत राहतो आणि खेळाडू कोसळेपर्यंत पळत राहतो. त्यातून तयार झालेले पाय अप्रतिम असतात. फेकीचा विचार करता मात्र थकलेल्या खांद्यामुळे शेवटच्या शंभर चेंडूंत चुकीच्या सवयीच अंगी बाणण्याचा धोका असतो.

शब्दांचा प्रश्न आणखी नाजूक. मैदानाच्या कडेने प्रशिक्षक ओरडतो, “कोपर वर! मनगट सोड! खांदा बंद ठेव!” संशोधक गॅब्रिएल वुल्फ यांनी 1998 पासून केलेल्या प्रयोगांतून दिसते की शिकणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या अवयवांकडे वळवले तर हालचाल अनेकदा बिघडते, आणि हालचालीच्या परिणामाकडे वळवले तर ती सुधारते. रॉब ग्रे यांनी 2004 मध्ये फलंदाजांवर केलेल्या प्रयोगात कसलेल्या खेळाडूंना स्वतःच्या बॅटच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावताच त्यांचा खेळ घसरला. पळत्या फेकीत तर कोपराचा विचार करायला वेळच नसतो. “त्याच्या छातीतून आरपार जाऊ दे” किंवा “चेंडू त्याच्या गुडघ्यापाशी टप्पा खाऊन गेला तरी चालेल” असे सांगणे कोपराच्या उंचीपेक्षा जास्त कामाचे असते.

हा धोका किती खरा आहे, ते लॉस एंजेलिस डॉजर्सच्या स्टीव्ह सॅक्सने 1983 मध्ये अनुभवले. आदल्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित असलेला हा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू अचानक साधी फेकही चुकवू लागला आणि हंगामात 30 चुका करून बसला. पुढे तो सावरला. न्यूयॉर्क यांकीजचा चक नॉब्लॉक 1997 चा गोल्ड ग्लोव्ह विजेता. जून 2000 मध्ये त्याने एकाच सामन्यात फेकीच्या तीन चुका केल्या. दोन दिवसांनी त्याची फेक थेट प्रेक्षकांत जाऊन एका महिलेच्या चेहऱ्यावर लागली. 2001 पासून त्याला आउटफील्डला, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागात, पाठवावे लागले. अशा खेळाडूंच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार दिसते. झेपावून, घाईत, तोल जात असताना केलेली अवघड फेक त्यांना जमते. वेळ हाताशी असलेली, चार पावलांवरची सोपी फेक चुकते. म्हणजे हात शाबूत असतो, पण मधल्या रिकाम्या क्षणात डोके हातात ढवळाढवळ करते. म्हणून अशा खेळाडूला उभे करून शांतपणे फेकायला लावणारा उपाय उलटू शकतो. त्याला चालते ठेवणे, चेंडू हातात राहूच न देणे, हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. जॉन लेस्टर हा नामांकित डावखुरा पिचर बेसकडे फेकताना असाच अडखळत असे. त्याने शेवटी चेंडू मुद्दाम जमिनीवर एक टप्पा देऊन पाठवण्याची वाट धरली.

एक टप्प्याची फेक कमीपणाची मुळीच नाही. 10 ऑक्टोबर 1970 रोजी सिनसिनाटीतल्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यात बाल्टिमोरच्या ब्रूक्स रॉबिन्सनने तिसऱ्या बेसच्या मागे उलट्या हाताने चेंडू अडवला. धावेच्या वेगात तो स्वतः सीमारेषेबाहेर जात होता. थांबायला वेळ नव्हता, म्हणून त्याने शरीराच्या उलट दिशेने वळून फेक केली. एक टप्पा खाऊन ती पहिल्या बेसवर पोचली आणि फलंदाज बाद झाला. त्याच रिव्हरफ्रंट मैदानाच्या कृत्रिम हिरवळीवर सिनसिनाटीचा शॉर्टस्टॉप डेव्ह कॉन्सेप्सियोन याने हीच फेक पुढे नियमित हत्यार म्हणून वापरली. उंच गेलेला चेंडू गेलाच, पण खाली पडलेला पहिल्या बेसवरचा कसबी खेळाडू खणून काढतो. ‘चुकायचेच तर खाली चूक’ हे मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगायला हवे.

यांकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर याचे नाव घेतल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. 1993 मध्ये दुय्यम स्पर्धांत शॉर्टस्टॉप म्हणून त्याने 56 चुका केल्या होत्या, आणि त्याला दुसरी जागा द्यावी अशी चर्चा होती. त्या हंगामानंतर प्रशिक्षक ब्रायन बटरफील्ड यांनी त्याच्या क्षेत्ररक्षणावर खास काम केले. हाताच्या दुखापतीमुळे त्याला फलंदाजी करता येत नव्हती, तेव्हा पूर्ण लक्ष पाय आणि हातमोज्यावर राहिले. पुढे त्याची ओळख बनलेली उडीची फेक, उजवीकडे खोल जाऊन चेंडू अडवायचा आणि हवेत उडी घेऊन धड वळवत पहिल्या बेसकडे फेकायचे, ही दिखाऊ वाटली तरी तिच्यामागे कारण होते. पाय रोवून थांबायला लागणारा वेळ उडीत वाचतो. मग बाजूला जाणारा वेग हाताने भरून काढावा लागतो, आणि त्यासाठी खांदा दणकट हवा. सांख्यिकी अभ्यासकांनी जीटरच्या एकूण क्षेत्ररक्षणावर कडक टीका केली आहे. ती बरीचशी रास्त असली, तरी त्या एका फेकीची कारागिरी तिने कमी होत नाही.

13 ऑक्टोबर 2001 रोजी ओकलंडमध्ये त्याने केलेली फेक तर प्रशिक्षणाच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. ओकलंडविरुद्धच्या बाद फेरीच्या मालिकेत 0-2 ने मागे पडलेले यांकीज सातव्या डावात 1-0 ने पुढे होते. उजव्या कोपऱ्यातून शेन स्पेन्सरने केलेली फेक मधल्या दोन्ही खेळाडूंच्या डोक्यावरून गेली आणि ओकलंडचा जेरेमी जिआम्बी होम प्लेटकडे धावत होता. जीटर आपल्या जागेपासून खूप दूर, पहिल्या बेसच्या रेषेपर्यंत धावत आला. त्याने निसटता चेंडू उचलला आणि न थांबता मनगटाने बाजूला ढकलल्यासारखा कॅचर होर्हे पोसादाकडे दिला. जिआम्बी बाद झाला. यांकीजनी सामना आणि पुढे मालिकाही जिंकली. ती फेक अचूक ठरली, कारण मोठ्या हाताच्या फेकीचा मोह त्याने टाळला. शरीर एका दिशेला वेगात जात असताना काही मीटरांसाठी पूर्ण फेक करणे धोक्याचे असते. लहान झटका दिशा सांभाळतो. आणि तिथे वेळेवर पोचणे हे तर सगळे पायांचेच काम होते.

आउटफील्डचा प्रश्न तुलनेने सोपा. तिथे खेळाडू चेंडूच्या मागून येत, झेल घेत, एक लांब उडीवजा पाऊल टाकून धावेचा वेग लक्ष्याच्या दिशेलाच वळवतो. 2001 च्या एप्रिलमध्ये सिअ‍ॅटलच्या इचिरो सुझुकीने उजव्या आउटफील्डमधून तिसऱ्या बेसवर टेरेन्स लाँगला बाद केले ती फेक त्याचा आदर्श आहे. इथे शरीराचा वेग मित्र असतो. इनफील्डमध्ये तो बहुधा आडवा येतो.

आणि ताकद? पिट्सबर्गच्या ओनील क्रूझने 2022 मध्ये इनफील्डमधून ताशी 97.8 मैल, म्हणजे 157 किलोमीटरहून अधिक वेगाने फेक केली. हा तेव्हाचा विक्रम होता. 2024 मध्ये संघाने त्याला शॉर्टस्टॉपवरून आउटफील्डला हलवले. हाताचा वेग मोजायला आता यंत्रे आहेत, म्हणून तो मोजला जातो आणि त्याचे कौतुकही होते. पावलांच्या वेळेचे कौतुक करायला अजून प्रशिक्षकाचा डोळाच लागतो.

क्रिकेटने ही विद्या बेसबॉलकडून उघड घेतली. प्रशिक्षक जॉन बुकॅनन यांच्या काळात ऑस्ट्रेलियाने मूळचे अमेरिकन बेसबॉल प्रशिक्षक माइक यंग यांना क्षेत्ररक्षणासाठी जोडले. दोन्ही खेळांतला फरक मात्र लक्षात ठेवावा. बेसबॉलमध्ये बहुधा पुढे हातमोजा असतो. क्रिकेटमध्ये यष्टीजवळ कोणी नसेल तर लक्ष्य जेमतेम 23 सेंटिमीटर रुंद. 10 जुलै 2019 ला मँचेस्टरमध्ये मार्टिन गप्टिलने धावत येऊन धोनीला धावबाद केले ती फेक भारतीय प्रेक्षक विसरणार नाहीत. उलट 1992 च्या विश्वचषकात जाँटी ऱ्होड्सने इंझमामला बाद करताना फेकलेच नाही. चेंडू हातात घेऊन तो यष्टीवर झेपावला. कधी फेकायचे नाही, हे ओळखणेही शिकवावे लागते.

महाराष्ट्रात शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल बऱ्याच जिल्ह्यांत पोचले आहेत. सॉफ्टबॉलमध्ये बेस 60 फुटांवर असतात. चपळ मुलगी तीन सेकंदांच्या आत पहिल्या बेसवर असते. तिथे पाय रोवून फेकायला सवडच नसते, म्हणजे हा प्रश्न आपल्या मैदानांवर उलट जास्त तीव्र आहे. मुरमाड जमिनीवर टप्पा कसाही उडतो, तेव्हा ठरावीक पावलांचा सराव लवकर निरुपयोगी होतो. इथल्या शिक्षकाला एक सोय मात्र आहे: टेनिसचा चेंडू. खांद्यावर त्याचा ताण कमी पडतो, हातमोजा नसला तरी चालतो, आणि दहा-पंधरा मीटरांवर चालत, धावत, वळून, उलट्या हाताने फेकण्याचा सराव त्याने भरपूर करता येतो. खऱ्या चेंडूच्या लांब फेकी मात्र मोजून घ्याव्यात. अमेरिकेत लिटल लीगने 2007 पासून पिचर मुलांच्या चेंडूंवर संख्येची मर्यादा घातली. शॉर्टस्टॉप किंवा कॅचर सरावात किती वेळा जोर लावून फेकतो, याची नोंद मात्र त्या मर्यादेत धरली जात नाही. बारा वर्षांच्या मुलाचा खांदा पिचर म्हणून थकला काय आणि शॉर्टस्टॉप म्हणून थकला काय, दुखापत तीच. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दिवसाच्या जोरकस फेकींचा आकडा लिहायला एक वही आणि एक सहकारी पुरतो. ती नोंद पिचरपुरती न ठेवता मैदानावरच्या सगळ्या मुलांची ठेवावी.